माईंचा पाळणा आणि माझा प्लेअर

हसणार नाही असं वचन द्या, मग सांगते. नको, राहू द्या. तुम्ही ते मोडणार आणि मग मी चिडणार. त्यापेक्षा चहा घ्या आणि ऐका. चोवीस वर्षं शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवलेली ही बाई भर रामनवमीला बारा बायकांसमोर कशी तोंडावर पडली, त्याची ही गोष्ट. मी एकटीच नाही, प्रभू रामचंद्रही पडले. पण ते पुढे.

आमचं घर झाशीत, खंडेराव गेटच्या आत. सासरची मंडळी पेशवाईत इकडे आली आणि इकडचीच झाली. माझं माहेर रेल्वे कॉलनीतलं, वडील भुसावळहून बदलून आलेले. मराठी दोन्हीकडे, पण सासरच्यांचं ठाम मत, की आपलं मराठी घोड्यावरून आलं आणि हिचं मालगाडीतून. नवराही रेल्वेतलाच, त्यामुळे लग्नानंतर आम्ही बीना, इटारसी असे फिरत राहिलो आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन झाशीच्या घरी परत आलो.

या घरात रामजन्म मोठा. पुरुष बाराच्या ठोक्याला दतिया गेटच्या देवळात असतात आणि घरी बायका पाळणा म्हणतात. तो पाळणा आमच्या घरचाच, एकवीस कडव्यांचा, दुसरीकडे कुठेही मिळायचा नाही. आणि नियम असा, की तो लिहून ठेवायचा नाही. सासूनं सुनेला तोंडी द्यायचा. सात पिढ्या तसाच आला. आता मला सांगा, रामनवमी येते चैत्रात, आणि चैत्रात शाळेत काय असतं? परीक्षा! त्यामुळे नोकरीभर मी रामनवमीला झाशीत कधी नव्हतेच, आणि पाळणा माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

परत आले तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे माई, ऐंशीच्या घरात होत्या. पाचच कडवी म्हणायच्या, तीही थांबत थांबत. एक कडवं झालं की पाळण्यावर वाकायच्या, बराच वेळ गप्प, मग दुसरं. मी सुंठवडा कालवता कालवता मनात म्हणायची, बिचाऱ्यांना दम लागतो.

जाण्याच्या आठ दिवस आधी त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "सुनंदा, पाळणा टाकू नकोस. बाळ आहे तो, त्याला काय कळतंय कोण गेलं नि कोण राहिलं."

मी म्हटलं, "माई, मला येत नाही हो."

"दिनूच्या कॅसेटमध्ये आहे सगळा."

दिनू म्हणजे माझा दीर. तीस वर्षांपूर्वी त्यानं नवा कॅमेरा घेतला होता आणि त्या वर्षी देवळात न जाता घरचा रामजन्म पूर्ण टिपला होता. पुढे ती कॅसेट त्यानं कुणाकडून तरी डिस्कवर उतरवून घेतली, आणि ती डिस्क आमच्या देवघरात पोथ्यांच्या खाली होती.

माई माघात गेल्या. त्या वर्षी दुखवट्यामुळे रामजन्म नुसता पूजेपुरता झाला, पाळणा झाला नाही. सात पिढ्यांत पहिल्यांदा. यंदाही झाला नसता तर मग तो बुडालाच होता, आणि बुडवणारी मी ठरले असते. हे माझ्या छातीवर बसलं होतं, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात गुरसरायहून आत्यांचा फोन. आत्या म्हणजे माईंची नणंद, शहाऐंशीच्या. गुडघ्यांमुळे बरीच वर्षं आल्या नव्हत्या. म्हणाल्या, यंदा नातू गाडीनं आणणार आहे, तर पाळणा कोण म्हणणार आहे? मी विचार न करता म्हटलं, "मी."

खरं म्हणजे तिथेच विचारायला हवं होतं, आत्या, चाल कशी ते जरा सांगा. पण आत्यांचं जुनं मत होतं की नोकरी करणाऱ्या बायकांना घरातलं काही येत नाही. त्यांच्याकडे शिकवणी मागायची? मी? माझ्याकडे डिस्क आहे, कॉम्प्युटर आहे आणि चोवीस वर्षांचा अनुभव आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी तेव्हाच सोडला होता.

डिस्क घातली. कॉम्प्युटरबरोबर आलेला प्लेअर म्हणाला, ही फाइल चालवता येत नाही. बरं. दुसरा उतरवला. त्यात आवाज आला पण चित्र हिरवंगार. माईंचा आवाज मात्र स्वच्छ, आणि तो ऐकताच माझी मुलगी मुक्ता, कॉलेजातली, स्वयंपाकघरातून धावत आली. हिरव्या पडद्यासमोर आम्ही दोघी डोळे पुसत बसलो. माझे यजमान डोकावले आणि म्हणाले, हिरवळीवर बसून काय रडताय.

मग मी शिस्तीनं घेतलं. डिस्कवर ओरखडे होते, म्हणून आधी फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. मग तो रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चित्र असलेला प्लेअर घातला. तो काहीही चालवतो, हे मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले. आणि चालला! चित्र आलं! पण अडखळत. माई तोंड उघडायच्या आणि तशाच थांबायच्या, मग एकदम दोन शब्द पुढे.

आता लक्ष देऊन ऐका, कारण अवलक्षण इथे झालं. मी प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरले, त्या खोलवरच्या पानांत जिथे साधी माणसं जात नाहीत. फाइल आधीपासून किती साठवून ठेवायची तो आकडा वाढवला. हे बरोबर होतं. आणि त्याच पानावर मला दिसला वेग. समोर लिहिलेलं एक. मी म्हटलं, हं! एकवर ठेवलाय म्हणून मंद चालतोय बिचारा, पंख्याचा रेग्युलेटर एकवर ठेवल्यासारखा. केला तीन. सेव्ह केलं, बंद करून पुन्हा उघडला.

लोण्यासारखा चालला.

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग कशानं दुरुस्त झालं ते कळतं, हे मी किती मुलांच्या वहीत लाल पेनानं लिहिलं असेल त्याची गणती नाही. स्वतः मात्र दोन्ही एकदम बदलून मोकळी झाले आणि पाठ थोपटून घेतली.

आणि मग आम्ही माईंना पाहिलं. काय सांगू! पन्नाशीच्या माई, नऊवारीत, पाळण्याची दोरी हातात. आणि काय तो पाळणा! शब्दाला शब्द चिकटलेला, श्वास कुठे घेतात ते दिसत नव्हतं. दोरी अशी चालली होती की ताक घुसळताहेत की काय. कडवं संपलं की मानेला एक झटका, की लगेच पुढचं. शेजारी तेव्हाच्या आत्या हातपंख्यानं वारा घालत होत्या, तो पंखा तर डोळ्यांना दिसतच नव्हता. एक मांजर खिडकीतून आलं आणि दारातून गेलं, पण मधलं काही कळलं नाही.

मुक्ता म्हणाली, "आई, आजी इतकी फास्ट?"

मी म्हटलं, "धडधाकट होती तेव्हा. आपण फक्त थकलेली आजी पाहिली."

तुम्ही म्हणाल, बाई, वेग वाढवला की आवाज चिरका होतो, तेवढंही कळलं नाही? तिथेच तर फसगत! जुन्या टेपचं तसं व्हायचं. हे नवे प्लेअर इतके हुशार, की वेग वाढवला तरी आवाजाची पट्टी तीच ठेवतात. थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता, पण तीस वर्षांची कॅसेट, तेवढं चालायचंच.

मी थक्क झाले होते. पाच वर्षं ज्या बाईला मी हळूबाई समजले, औषधाच्या गोळ्या मोजून देत राहिले, ती ही? पडद्याला हात लावून मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

अण्णांना बोलावलं. अण्णा माझे चुलत सासरे, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर ते बारा वाजता देवळात, त्यामुळे घरचा पाळणा त्यांनीही कधी ऐकला नव्हता. ऐकला आणि उभेच राहिले. म्हणाले, आता उलगडलं. आपले पूर्वज घोडेस्वार, सतत स्वारीवर, मुलंसुद्धा घोड्यावरच झोपवायचे. ही घोड्याच्या दुडक्या चालीवर बांधलेली रचना आहे. ग्वाल्हेरच्या मासिकाला लेख पाठवतो. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. माझे यजमानसुद्धा त्या दिवशी दारातून जाताना जरा ताठ चालले.

मग सुरू झाली तालीम. मी, मुक्ता, आणि वरच्या मजल्यावर नव्यानं भाड्यानं आलेल्या मिश्रा भाभी. भाभींना मराठी शष्प कळत नव्हतं, पण ढोलक वाजवायच्या, आणि असा वेग त्यांना लग्नाच्या घरातही मिळाला नव्हता. पहिल्या दिवशी व्हिडिओ बघून त्यांनी पडद्याला हात जोडले. "दीदी, आपकी सासूमाँ तो गजब थीं."

एका श्वासात एक कडवं. करून बघा! तिसऱ्या कडव्याला माझे डोळे पांढरे व्हायचे. मी पहाटे उठून प्राणायाम सुरू केला, किल्ल्याच्या रस्त्यानं चालायला जाऊ लागले. मुक्ताची जीभ दाताखाली येऊन दोन दिवस तिला नुसती खिचडी. मानेचा झटकाही आम्ही गिरवला, कारण माईंचा एकही चुकत नव्हता, म्हणजे तो संप्रदायच असणार. शेवटची कडवी मात्र ऐकू येत नव्हती. आवाज खाली खाली जात अगदी पुटपुटल्यासारखा व्हायचा. कॅसेटचा दोष! त्या प्लेअरमध्ये आवाज शंभराच्या पुढेही नेता येतो, मी नेला, शब्द टिपले, उरलेले ओठ बघून लावले आणि ठरवलं, की कॅसेटनं गिळलं ते आपण भरून काढायचं. शेवटची पाच कडवी आम्ही छप्पर हलेल अशी म्हणायची बसवली.

रामनवमी उजाडली. ऊन झाशीचं, कूलर दारात धडधडतोय, आणि आपल्या चार-सहा मराठी घरांतल्या बायका जमलेल्या. आत्यांना नातवानं खुर्चीसकट उचलून आणलं आणि पाळण्याच्या अगदी समोर बसवलं. पाळण्यात पितळेचा बाळराम, टोपडं घातलेला. आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डोळे मिटून घेतले, ऐकायला.

देवळातला शंख वाजला. ढोलकवर थाप पडली. आणि आम्ही सुटलो!

दुसऱ्या कडव्याला आत्यांनी डोळे उघडले. चौथ्याला खुर्चीचे हात धरले. मला वाटलं, भारावल्या. मी दोरी आणखी ओढली. मुक्ता आणि मी एकदम मान झटकायचो, बायका आ वासून बघत होत्या, मिश्रा भाभींच्या बांगड्या फुटल्या तरी थांबेनात. सतराव्या कडव्यापासून आवाज चढवला. रस्त्यावरून जाणारी माणसं दारात उभी राहिली. आणि एकोणिसाव्या कडव्याला, जो जो रे म्हणता म्हणता, पाळणा असा उसळला की बाळराम टोपड्यासकट वर उडाला आणि थेट आत्यांच्या ओटीत.

सगळं थांबलं. कूलर तेवढा चालू.

आत्यांनी बाळरामाचं टोपडं सारखं केलं, त्याला पदराखाली घेतलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाल्या, "सुनंदा, झोपवायचं होतं गं त्याला."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण हरेन ती मी कसली? मी म्हटलं, आत्या, हे माझ्या मनचं नाही, खुद्द माईंचं आहे, दाखवते. आणि कॉम्प्युटर टीव्हीला जोडून व्हिडिओ लावला, सगळ्यांसमोर.

माई दिसल्या तशी आत्यांनी मान उंचावली. तीस वर्षांपूर्वीची वहिनी दिसत होती. हात उगाच पुढे गेला त्यांचा. मग नजर शेजारच्या पंखेवाल्या बाईवर गेली.

"ही मी?"

"हो आत्या."

"मी वारा घालतेय की माश्या मारतेय?" बायका हसल्या. आत्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या दिवशी माझा खांदा धरला होता. पंखा वहिनीनंच हातात दिला आणि म्हणाली, हलवू नकोस फार, नुसता धर. मला हात वर करवत नव्हता, आणि ही बघा काय करतेय.

मुक्ता माझ्याकडे बघत होती. मग उठली, कॉम्प्युटरपाशी गेली, सेटिंगच्या त्याच खोलवरच्या पानात शिरली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, इथे वेग तीन आहे."

जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात. झाशीची जमीन दगडाची, ती कसली दुभंगतेय! बारा बायकांसमोर मी कबूल केलं. मुक्तानं एक केला आणि पुन्हा लावलं.

आणि मग, अहो, मग माई खरंच दिसल्या.

दोरी हातातून सरकत होती नुसती. एक ओळ, आणि ती पूर्ण विरेपर्यंत दुसरी नाही. कडवं संपलं की माई वाकायच्या. तो झटका नव्हता! बाळ झोपलं का ते बघायच्या. बराच वेळ बघायच्या. मग पुढचं कडवं थोडं खालच्या आवाजात, कारण डोळा लागत चाललाय. त्याच्या पुढचं आणखी खाली. मांजर आलं, पाळण्याशी बसलं, अंग चाटून सावकाश गेलं. विसाव्या कडव्याला माई पुटपुटत होत्या, आणि एकविसावं नुसतं ओठांवर होतं. कॅसेटनं काही गिळलं नव्हतं. आणि मी ज्याला पाच वर्षं दम लागणं समजत होते, तोच पाळणा होता. मी सुंठवडा कालवत बसले होते आणि त्या मला तो देत होत्या.

मला इतकं लहान वाटलं, आणि इतकं भाग्याचंही वाटलं, की काय सांगू. कुणीतरी उठून कूलर बंद केला. मिश्रा भाभींनी ढोलक कोपऱ्यात ठेवलं आणि भिंतीला टेकून रडत बसल्या, मराठीचा एक शब्द न कळता.

आत्यांनी बाळरामाला पाळण्यात ठेवलं. "जन्मून पाऊण तास झाला. आता तरी झोपू द्या." दोरी माझ्या हातात दिली आणि स्वतः पहिली ओळ उचलली. शब्द आम्हाला पाठ, चाल त्यांना. जिथे त्या अडल्या तिथे मी, जिथे मी धावले तिथे त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. एकवीस कडवी झाली. शेवटचं कुणालाच ऐकू आलं नाही. आत्या म्हणाल्या, "पोचला." पाळणा राहिला हो!

इथे गोष्ट संपली असती तर मी ताठ मानेनं चहा प्यायले असते. पण त्या आधीच्या धडाक्याचा कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, बाळराम उडायच्या आधीपर्यंतचा. तो फिरला. सोबत अण्णांचं घोडेस्वारांचं टिपणही फिरलं. महिन्याभरात ग्वाल्हेरच्या मराठी महिला मंडळाच्या बाईंचा फोन. इतक्या भारावलेल्या! म्हणाल्या, ताई, असा अस्सल जुना पाळणा आम्ही आयुष्यात ऐकला नव्हता, तीस मुलींकडून बसवून घेतलाय, मानेच्या झटक्यासकट, कार्यक्रम ठरला आहे.

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. प्लेअर, तीन, एक, सगळं. म्हटलं, तो चुकीचा आहे हो, मी तुम्हाला माईंचा मूळ व्हिडिओ पाठवते, तो बघा. आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी मायेचा, आजाऱ्याशी बोलतात तसा.

"सुनंदाताई, बघितला हो आम्ही. पण तो फारच हळू चालतोय. तुमच्याकडे कॉम्प्युटरचं जाणणारं कुणी नाहीये का? प्लेअर बिघडला असेल तुमचा. दुसरा घालून बघा."